रंगावरून नाहीतर गावावरून कामावर त्रास होतोय? मग आज रात्रीपासून काय करायचं ते सांगते

मी २३ वर्षांची असताना नाशिकमधल्याच एका हॉटेलात रिसेप्शनला लागले होते. नवव्या दिवशी मॅनेजरनी बोलावून सांगितलं, उद्यापासून तू आत स्टोअरला बस, फ्रंटला जरा उजळ चेहरा लागतो, मुंबईच्या पार्ट्या येतात आपल्याकडे. स्टोअरचा पगार रिसेप्शनपेक्षा दीड हजारांनी कमी होता. मी गुपचूप जाऊन बसले. आठ महिने बसले, डबा खाताना घास उतरायचा नाही, आणि मग मैत्रिणीनी लईच जोर केला म्हणून सीबीएसजवळ एका वकिलांकडे गेले. त्यांनी चारच गोष्टी विचारल्या. कुठल्या तारखेला बोलले, कोणासमोर बोलले, बदलीचं काही लेखी आहे का, आणि आधीच्या पगाराची स्लिप आहे का. माझ्याकडे चारातलं एकही नव्हतं. ते म्हणाले बाई तुमचं सगळं खरं आहे हो, पण मी कोर्टात काय दाखवू.

त्यानंतर नाशिकच्याच अंबड एमआयडीसीत एका कंपनीच्या टाइम ऑफिसला बारा वर्षं काढली, हजेरी, पगार, ठेकेदारांची बिलं सगळं हातानी केलं. त्यामुळे आता लोक माझ्याकडे येतात, पेठ-सुरगाण्याची पोरं येतात, बिहारचे वेल्डर येतात, शोरूममधल्या मुली येतात, आणि प्रत्येकाला मी तेच तेच सांगते म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय. मी वकील नाही. पण वकिलाकडे जायच्या आधी हातात काय असायला पाहिजे ते मला आता चांगलं माहितीये.

आज रात्रीच एक वही घ्या

कायदा नंतर बघू, आधी वही. साधी शाळेची दोनशे पानी वही चालते, सुट्टे कागद नको, कारण सुटा कागद कधीही लिहिता येतो असं समोरचा म्हणणार. ज्या दिवशी काही घडलं त्याच दिवशी लिहा. तारीख, वेळ, पाळी कुठली, जागा कुठली (कॅन्टीन, गेट, लाइन नंबर, केबिन), कोण बोललं, आणि नेमके शब्द. "शिवीगाळ केली" असं लिहू नका, जे तोंडातून आलं तेच लिहा, कितीही घाण असलं तरी. "ए काळ्या", "ए डांबर", "जंगलातून आला का रे", "ए भैय्या तुमको यहाँ कौन बुलाया", जसंच्या तसं. त्याच्या खाली तिथे कोण कोण हजर होतं त्यांची नावं. आणि त्याच्या खाली एक ओळ, त्यामुळे माझं काय गेलं.

ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तीच लोक सोडून देतात. ओव्हरटाइम बंद झाला, लाइनवरून लोडिंगला टाकलं, पक्की रात्रपाळी लावली, इन्क्रिमेंट बाकीच्यांना मिळालं मला नाही, ट्रेनीचं परमनंट झालं नाही. नुसतं बोलण्याचं दुःख कुठल्याही ऑफिसात लवकर कळत नाही, पण बोलणं आणि त्याच्या मागोमाग झालेलं नुकसान शेजारी शेजारी तारखेसकट ठेवलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

दुसरं, तुलना. तुमच्याबरोबर त्याच कामावर लागलेले बाकीचे लोक आज कुठे आहेत? सहा जण एकत्र लागले, पाच जण मशीनवर आणि एकटा सावळा पोरगा झाडू-लोडिंगला, हे लिहून ठेवा, त्यांच्या जॉइनिंगच्या तारखा माहिती असतील तर त्याही लिहा.

कागद म्हणजे ऑफर लेटर, गेटपास, पगाराच्या सगळ्या स्लिपा, पीएफचं पासबुक, ज्या बँक खात्यात पगार येतो त्याचं स्टेटमेंट. जाहिरात किंवा ग्रुपवरचा मेसेज असेल ("रिसेप्शनसाठी गोरी व सुंदर मुलगी पाहिजे" असले मेसेज अजूनही फिरतात, मीच बघितलेत) तर स्क्रीनशॉट काढा पण मूळ मेसेज डिलीट करू नका आणि तो फोन विकू नका. व्हॉट्सअपचा पुरावा कोर्टात द्यायचा तर २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली सर्टिफिकेट जोडावं लागतं, जुना ६५ब म्हणायचे तेच आता इथे आलंय, त्याचा नमुना वकील देतात, पण मूळ फोन हाताशी असला की सगळं सोपं जातं. रेकॉर्डिंगचं सगळे विचारतात. तुमच्याशीच चाललेलं बोलणं तुम्ही रेकॉर्ड केलंत ती वेगळी गोष्ट, पण केबिनमध्ये फोन लपवून दुसऱ्यांचं बोलणं टिपायला जाऊ नका, उलट तुमच्यावरच केस लागायची.

आता कायदा, आणि त्यातली अडचण सरळ सांगते

आपल्या संविधानात नोकरीच्या भेदभावाबद्दल लिहिलंय पण त्यात "कातडीचा रंग" हा शब्द नाही. कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे. कलम १६(२) सरकारी नोकरीबद्दल आहे, त्यात आणखी कूळ आणि निवास आहे. रंग कुठेच नाही. गंमत म्हणून नाही सांगत, मला याचा खरंच राग येतो, कारण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५८ चा १११ नंबरचा करार भारताने १९६० मध्येच मान्य केलाय, आणि त्याच्या व्याख्येत वंश, रंग, राष्ट्रीय मूळ, सामाजिक मूळ हे सगळं स्पष्ट आहे. म्हणजे जगासमोर आपण सही केलीये पण अंबडच्या कारखान्यातल्या पोराला दाखवायला "रंगावरून भेदभाव बंद" असं एक कलम असलेला वेगळा कायदा नाही.

म्हणून "मला काळा म्हणतात" एवढंच घेऊन दारोदार फिरलात तर प्रत्येक खिडकीवर पुढची खिडकी दाखवतील. तुमची गोष्ट कुठल्या दारातून आत जाते ते आधी ओळखायचं. तीन गोष्टी बघा, मालक कोण आहे, तुम्ही कोण आहात, आणि नुकसान काय झालं.

मालक सरकार असेल तर तुमचं बरंच सोपं आहे. ओझरचं एचएएल, नाशिकरोडच्या दोन्ही प्रेस, महापालिका, एसटी, झेडपी, अशा ठिकाणी कलम १४ (कायद्यापुढे समानता), १५, १६ थेट लागू होतात आणि हायकोर्टात रिट म्हणजे थेट याचिका करता येते. खाजगी कंपनीत हे थेट चालत नाही. सुप्रीम कोर्टाने ३ जानेवारी २०२३ ला कौशल किशोर केसमध्ये म्हटलंय की कलम १९ आणि २१ चे हक्क (बोलण्या-वावरण्याचं स्वातंत्र्य आणि जगण्याचा हक्क) खाजगी माणसाविरुद्धही मागता येतात, पण त्याच्या भरवशावर एका वर्करने सुपरवायझरविरुद्ध हायकोर्टात जायचं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही जातं. खाजगीवाल्यांनी खालची दारं बघा.

जात जोडलेली असेल तर

आपल्याकडे रंगावरचं बोलणं बऱ्याचदा जातीवरचंच असतं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी भागातून कोकणा, महादेव कोळी, वारली, कातकरी पोरं सातपूर-अंबडला येतात, त्यांना "काळा" म्हणताना त्याच्या पुढच्या वाक्यात जंगल, डोंगर, आदिवाशी येतंच. तुम्ही अनुसूचित जाती किंवा जमातीचे असाल आणि बोलणारा नसेल, तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे. कलम ३(१)(र) म्हणजे लोकांच्या नजरेसमोर मुद्दाम अपमान किंवा धमकी, ३(१)(स) म्हणजे लोकांसमोर जातीवाचक शिवी. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं.

यात कोर्ट एक गोष्ट कायम बारीक बघतं, ती म्हणजे "लोकांच्या नजरेसमोर" झालं का. बंद केबिनमध्ये तुम्ही दोघंच असताना बोलला तर ही दोन कलमं टिकणं अवघड. २०२० मध्ये हितेश वर्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच धरलं होतं, चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना. कॅन्टीनला, लाइनवर, गेटवर दहा लोकांत बोलला तर ते लोक साक्षीदार. म्हणून वहीत हजर लोकांची नावं लिहायला सांगितलं. आणि नुसतं "काळ्या" एवढाच शब्द असेल तर अॅट्रॉसिटी लागेलच असं नाही, जातीमुळे अपमान केला हे दिसायला पाहिजे, त्यामुळे आगंमागचं पूर्ण वाक्य लिहा.

तक्रार पोलीस स्टेशनला. नाशिक शहरात आयुक्तालय आहे म्हणून तपास सहायक पोलीस आयुक्त करतात, ग्रामीणला डीवायएसपी. जातीचा दाखला बरोबर न्या. हद्द कुठलीही असू दे, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे ते. घेत नसतील तर तीच तक्रार पोलीस आयुक्तांना किंवा एसपींना लेखी पाठवा, तरी नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. सरकारी अधिकाऱ्याने (तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर) मुद्दाम टाळाटाळ केली तर त्याच्यासाठी याच कायद्यात कलम ४ आहे. हेल्पलाइन १४५६६, मराठीतही बोलता येतं, आणि फोन केल्यावर तक्रारीचा नंबर मागून घ्या.

परप्रांतीय, ईशान्येकडचे, नेपाळी

आता हा भाग आपल्याच लोकांना थोडा टोचेल पण लिहिणारच. मी टाइम ऑफिसला असताना आपली मराठी माणसं बिहार-यूपी-ओडिशाच्या पोरांशी कसं वागायची ते रोज बघत होते. तेच काम, तेच बारा तास, आणि ठेकेदार त्यांना रोजामागे कमी देणार, वर म्हणणार "इनको चलता है". नाही चलता. किमान वेतन हे कामाचं असतं, माणूस कुठून आला त्याचं नसतं. किमान वेतनापेक्षा कमी मिळत असेल तर कामगार उपायुक्त कार्यालयात सरळ क्लेम करता येतो, हे सगळ्यात पक्कं दार आहे कारण इथे मन दुखावल्याचं सिद्ध करायचं नसतं, हजेरी आणि बँकेची एंट्री दाखवायची असते. हजेरी ठेकेदार देत नसेल तर स्वतःची हजेरी वहीत रोज लिहा.

भाषा, राहण्याची जागा, जन्मस्थान यावरून गटागटात वैर पसरवलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे, धमकीला ३५१, शांतता बिघडेल असा मुद्दाम अपमान केला तर ३५२. एकट्या माणसाला एकदा "भैय्या" म्हटल्याने १९६ लागत नाही, ते ग्रुपवर, भाषणात, पोस्टरवर लोकांना भडकवण्यासाठी आहे.

ईशान्येकडच्या मुली इथे कॉलेजरोड-गंगापूररोडला पार्लरमध्ये, हॉटेलात काम करतात. त्यांना चेहऱ्यावरून जे बोललं जातं तो वंशाचा अपमान आहे. दिल्लीत २०१४ च्या जानेवारीत निदो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर जीव गेला, मग बेझबरुआ समिती बसली आणि तिने अशा अपमानासाठी वेगळं कलम आणायची शिफारस केली. न्याय संहिता १ जुलै २०२४ ला आली पण ते वेगळं कलम त्यात नाहीये. त्यामुळे ३५१, ३५२ आणि मुलगी असेल तर तिच्या लज्जेचा अपमान म्हणून कलम ७९, यातूनच जावं लागतं.

नेपाळी वॉचमन, मोमोवाले, त्यांचं वेगळंच. कलम १५, १६, १९ फक्त भारतीय नागरिकाला आहेत. पण कलम १४ आणि २१ "कुठल्याही व्यक्तीला" आहेत, आणि १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहून काम करता येतं. पगार बुडवला तर "तू बाहेरचा, तुला काय हक्क" हे साफ खोटं आहे, पगाराचा कायदा पासपोर्ट विचारत नाही.

स्थानिकांना प्राधान्य म्हणजे भेदभाव नाही का, असंही लोक मला विचारतात. भरतीचं धोरण हा वेगळा वाद आहे, हरियाणाने ७५ टक्के स्थानिकांचा कायदा केला होता तो हायकोर्टाने १७ नोव्हेंबर २०२३ ला रद्द केला. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये चारू खुराना केसमध्ये मुंबईच्या सिने मेकअपवाल्यांच्या संघटनेचा नियम उडवला, त्यात बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्ड द्यायचे नाहीत आणि वर महाराष्ट्रात पाच वर्षं राहिल्याची अट होती. पण एकदा माणूस कामावर घेतला की त्याचा पगार, पाळी, सेफ्टी शूज यात गावावरून फरक करायला कुठलंच धोरण सांगत नाही.

बाईला रंगावरून बोलत असतील

शोरूम, हॉस्पिटल, हॉटेल, कॉल सेंटर. इथे बऱ्याचदा रंगाचं बोलणं अंगावर जातं, "सावळी आहेस पण फिगर..." असलं. असं असेल तर ते २०१३ च्या पॉश कायद्यात, म्हणजे कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात येतं. दहा किंवा जास्त लोक असलेल्या जागी अंतर्गत समिती असायलाच पाहिजे, दहापेक्षा कमी लोक असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत. नुसतं "काळी" म्हटलं आणि त्यात लैंगिक काहीच नाही तर समिती म्हणेल आमच्याकडे येत नाही, मग खालच्या दारानी जा. पण ठरवायच्या आधी वहीतली सगळी वाक्यं परत वाचा, कारण लाजेपोटी बायका निम्मं सांगतच नाहीत, मीही नव्हतं सांगितलं.

लेखी अर्ज, आणि पोच

तोंडी सांगितलेलं हवेत जातं. एक पानी अर्ज करा, मराठीत चालतो. मी असा लिहून देते:

"प्रति, एचआर मॅनेजर. विषय: रंगावरून अपमान व कामाच्या वाटपात भेदभाव झाल्याबाबत. मी अमुक तारखेपासून पॅकिंग विभागात कामाला आहे. दिनांक १२ रोजी दुसऱ्या पाळीत सहाच्या सुमारास कॅन्टीनमध्ये सुपरवायझर श्री. अमुक यांनी अमुक व तमुक यांच्यासमोर मला (नेमके शब्द) असं म्हटलं. १५ तारखेपासून मला लाइनवरून काढून लोडिंगला टाकलं. माझ्याबरोबर लागलेले इतर तिघे लाइनवरच आहेत. त्यामुळे माझा ओव्हरटाइम बंद झाला आहे. याची चौकशी करून मला मूळ जागेवर घ्यावं व लेखी उत्तर द्यावं ही विनंती."

एवढंच. कंपनीचा इतिहास, आधीच्या मॅनेजरच्या भानगडी, "कोर्टात खेचीन" वगैरे काही नको. दोन प्रती काढायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर आवक शिक्का, सही, तारीख घ्यायची. शिक्का मारत नसतील (बऱ्याचदा नाहीच मारत) तर तोच अर्ज ईमेल करा आणि स्पीड पोस्टाने पाठवा, पावती वहीत चिकटवा. कंपनीत वीस किंवा जास्त कामगार असतील तर औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे तक्रार निवारण समिती असायला पाहिजे, ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीये, समितीकडे घटनेपासून एका वर्षात अर्ज करता येतो. युनियन असेल तर एक प्रत कमिटी मेंबरला द्या.

अर्ज दिल्यावर पंधरा दिवस फार जपायचे, कारण याच दिवसांत माणूस चिडतो आणि चूक करतो. हात उचलायचा नाही, शिवीला शिवी नाही, एकही खाडा विनाअर्ज नाही, उशीर नाही. तुमच्याविरुद्ध मेमो काढायला कारण शोधत असतात. मेमो आलाच तर घ्या, नाकारू नका, आणि मुदतीत लेखी उत्तर द्या. आणि रागात राजीनामा देऊ नका. "राजीनामा लिहून दे नाहीतर चोरीची केस टाकतो" असं म्हणून केबिनमध्ये सही घेतली असेल तर त्याच दिवशी, घरी गेल्या गेल्या, ईमेलने आणि पोस्टाने कळवा की ही सही दबावाखाली घेतली. दोन महिन्यांनी सांगितलेलं कोणी धरत नाही. कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर सही तर कधीच नाही.

बाहेर कुठे जायचं

महाराष्ट्राचा स्वतःचा १९७१ चा कायदा आहे, कोर्टात सगळे त्याला पल्प म्हणतात, अनुचित कामगार प्रथांचा. त्याच्या चौथ्या परिशिष्टात मालकाने काय करू नये ते दिलंय. त्यातली पाचवी बाब म्हणजे गुणवत्ता न बघता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं, आणि पहिली म्हणजे सूडाने, खोट्या कारणाने कामावरून काढणं. रंगावरून-गावावरून झालेल्या भेदभावाला आपल्या राज्यात जवळात जवळ जाणारं कलम मला तरी हेच वाटतं. तक्रार ९० दिवसांत करायची असते, उशीर झाला तर कारण द्यावं लागतं. मी त्या वकिलांकडे आठ महिन्यांनी गेले होते, आता हिशोब करा. काढून टाकल्याची तक्रार लेबर कोर्टात आणि बाकीच्या बाबी इंडस्ट्रियल कोर्टात, दोन्ही नाशिकला आहेत, मुंबईला जायची गरज नाही. नवीन संहिता आल्यापासून कुठला अर्ज कुठल्या कलमाखाली घालायचा हे वकिलाकडून ठरवून घ्या, पण दिवस मोजायचे ते नव्वदच धरून मोजा.

ठेकेदारामार्फत असाल तर एक अडचण आहे. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनी तुम्हाला आपला कामगारच मानत नसेल तर पल्पखाली थेट कंपनीवर तक्रार चालत नाही, आधी नातं सिद्ध करा. म्हणून ज्या ठेकेदाराच्या नावाने तुमचा पीएफ भरला जातो त्याला पार्टी करणं विसरू नका.

कामावरून काढलंच असेल तर कामगार उपायुक्तांकडे समेटासाठी अर्ज, तिथे ४५ दिवसांत जमलं नाही तर ट्रिब्युनलकडे थेट जाता येतं, काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. सुपरवायझर असाल आणि पगार १८,००० च्या वर असेल तर औद्योगिक संबंध संहितेत तुम्ही "कामगार" नाही, मग दिवाणी कोर्ट आणि ऑफर लेटरमधल्या अटी.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा कोर्टातच आहे. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असेल, किंवा कारखान्याचा कामगार असेल तर उत्पन्न कितीही असलं तरी वकील फुकट मिळतो, १९८७ च्या कायद्याचं कलम १२. फोन नंबर १५१००.

पोरं अमेरिकेत असतील तर

हा भाग माझ्या बहिणीच्या पोरामुळे शिकले, तो न्यू जर्सीला आहे आणि त्याच्या ॲक्सेंटवरून मीटिंगमध्ये हसायचे, मग क्लायंट कॉलवरून काढलं. गंगापूररोडच्या प्रत्येक दुसऱ्या घरातलं पोरगं तिकडे आहे म्हणून सविस्तर लिहिते.

तिकडे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात टायटल सेव्हन म्हणून भाग आहे आणि त्यात वंश, रंग, धर्म, लिंग, राष्ट्रीय मूळ हे पाचही शब्द लिहिलेले आहेत. रंग आणि वंश वेगळे मोजतात. म्हणजे भारतीय मॅनेजरने भारतीयालाच सावळा म्हणून मागे ठेवलं तरी तो रंगाचा भेदभाव होतो. जॉर्जियात एका गोऱ्या छटेच्या कृष्णवर्णीय मॅनेजरने गडद रंगाच्या कृष्णवर्णीय कामगाराला त्रास दिला, ती केस २००३ मध्ये ४०,००० डॉलरला मिटली. राष्ट्रीय मूळ म्हणजे कुठल्या देशातले, आडनाव कसलं, उच्चार कसा. उच्चारावरून काम काढायचं असेल तर त्या उच्चारामुळे कामात खरोखर अडथळा येतो हे कंपनीला दाखवावं लागतं, कोणाला हसू येतं हे कारण होत नाही.

कंपनीत १५ किंवा जास्त लोक पाहिजेत. ४ ते १४ लोक असतील तर राष्ट्रीय मुळाच्या कारणाने नोकरी नाकारली किंवा काढलं याची तक्रार तिकडच्या न्याय खात्याच्या स्थलांतरित व कर्मचारी हक्क विभागाकडे जाते. टायटल सेव्हन एच-वन-बी म्हणजे कामाच्या व्हिसावर गेलेल्यालाही लागू आहे, नागरिक असायची गरज नाही. पण नाशिकमध्ये बसून अमेरिकन कंपनीचं काम करणाऱ्या भारतीयाला तो लागू नाही, त्याच्यासाठी इथलेच कायदे.

करायचं काय तर आधी एचआरला ईमेल, त्यात राष्ट्रीय मूळ, रंग हे शब्द स्पष्ट वापरायचे. "मॅनेजर वाईट वागतो" असं लिहिलं तर तो कायद्याचा विषयच होत नाही, आणि तक्रार केली म्हणून सूड उगवायला जी बंदी आहे ती भेदभावाची तक्रार केल्यावरच लागते. मग ईईओसी म्हणजे समान रोजगार संधी आयोग, त्यांच्या पोर्टलवर चौकशी नोंदवायची, ते मुलाखत घेतात, मग चार्ज म्हणजे अधिकृत तक्रार दाखल होते. पैसे लागत नाहीत. मुदत १८० दिवस, आणि राज्याची स्वतःची अशी संस्था असेल तर ३०० दिवस. दिवस घटनेपासून मोजतात, एचआरची चौकशी चालू आहे म्हणून घड्याळ थांबत नाही, यात बरीच पोरं फसतात. न्यू जर्सीच्या राज्य विभागाकडे १८० दिवस आणि कोर्टात दोन वर्षं, कॅलिफोर्नियाच्या विभागाकडे तीन वर्षं. चार्ज झाल्यावर आयोग कंपनीला दहा दिवसांत कळवतो, मध्यस्थी सुचवू शकतो. शेवटी दावा लावायची परवानगी देणारं पत्र येतं, त्याला राइट टू सू म्हणतात, ते मिळाल्यापासून ९० दिवसांत कोर्टात जायचं, एक दिवस उशीर झाला तरी गेलं. भरपाईला मर्यादा आहे, छोट्या कंपनीला ५०,००० डॉलर आणि ५०० च्या वर लोक असतील तर ३,००,०००, बुडालेला पगार त्याच्यापेक्षा वेगळा.

व्हिसाची भीती खरी आहे. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात दुसरा एम्प्लॉयर शोधायला. म्हणून तिकडच्या पोरांना मी सांगते, तक्रार करायच्या आधीच इमिग्रेशनचा वकील आणि कामगार वकील दोघांशी एक-एक तास बोला, आणि रेझ्युमे तयार ठेवा. कंपनीच्या लॅपटॉपवर पुरावा ठेवू नका, काढतात त्या दिवशी दहा मिनिटांत लॉगिन बंद होतो. पण कंपनीची गोपनीय फाइल पर्सनल मेलवर पाठवायचीही नाही, तारखा आणि शब्द आपल्या वहीत लिहायचे.

वकिलाकडे पहिल्यांदा जाताना

पिशवीत हे टाका: वही, ऑफर लेटर, शेवटच्या बारा महिन्यांच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, अर्जाची पोच किंवा पोस्टाची पावती, मेमो आले असतील तर ते आणि तुमची उत्तरं, जातीचा दाखला लागू असेल तर, मूळ फोन चार्ज केलेला. एका पानावर तारखांची यादी करून न्या, वर पहिली घटना, खाली शेवटची, आणि शेवटच्या घटनेपासून नव्वदावा दिवस कुठला येतो ती तारीख लाल पेनाने. त्या पानावरूनच ते बोलायला सुरुवात करतात. मागच्या महिन्यात सुरगाण्याचा एक पोरगा असंच पान घेऊन गेला, एकोणनव्वदावा दिवस होता, वकिलांनी चहा बाजूला ठेवून तिथेच टायपिंगला बसवलं.